केग अडलाय: गॅस गेलाय की वाट बुजलीय?

केग म्हणजे गॅसच्या दाबानं तोटीतून पेय देणारी बंद टाकी. तिची तोटी ओढली आणि ग्लास कोरडाच राहिला, तर बिघाड दोन ठिकाणी असू शकतो. एक तर पेय वर ढकलायला केगमध्ये गॅसचा दाबच उरलेला नाही. नाहीतर दाब भरपूर आहे, पण पेयाची वाट कुठेतरी बुजली आहे. तोटीपाशी उभं राहून पाहिलं तर दोन्ही बिघाड सारखेच दिसतात. उपाय मात्र उलटे आहेत. वाट बुजलेली असताना दाब वाढवत गेलात, तर बोळा सुटेल त्या क्षणी फेसाचा फवारा तोंडावर येईल आणि केगमधलं पेय नको तितकं झणझणीत होऊन बसेल. उलट, नुसता गॅस संपलेला असताना केग खोलून नळ्या धुवायला बसलात, तर चांगलं पेय उगाच मिळमिळीत होईल.

रॉकेलचा स्टोव्ह वापरलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. पंपाचा वायसर सुकला की हवा धरत नाही, ज्योत बसते. बर्नरचं भोक काजळीनं बुजलं की कितीही पंप मारा, पिन मारल्याशिवाय ज्योत उठत नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून इथे आलं-लिंबाचा सोडा, कोकम असं काहीतरी भरलेला १९ लिटरचा स्टीलचा केग धरला आहे, शीतपेयांच्या कंपन्या पूर्वी वापरायच्या तोच. त्याच्या डोक्यावर दोन पोस्ट, म्हणजे नळ्या जोडायची तोंडं, असतात. गॅसच्या पोस्टखाली बोटभर नळी असते, पेयाच्या पोस्टखालची नळी थेट तळापर्यंत जाते. दोन्ही पोस्टच्या आत स्प्रिंगवर बसलेला छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला पॉपेट म्हणतात. आत काय भरलंय याच्याशी केगला देणंघेणं नसतं. आल्याच्या चोथ्याशी मात्र असतं.

पहिली तपासणी फुकटची आहे. केगला गॅस पुरवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची चावी बंद करा आणि झाकणावरच्या व्हॉल्व्हची रिंग क्षणभर ओढा. जोरात फुस्स झालं तर दाब आहे, म्हणजे दोष पेयाच्या वाटेत. आवाजच आला नाही तर दोष गॅसच्या बाजूला. माझ्या मते हे करण्याआधी रेग्युलेटरला हात लावूच नये. निम्मा घोळ तिथेच सुरू होतो, कारण त्याची कळ फिरवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि खरा दोष झाकला जातो.

तोटी कशी बंद पडली हेही आठवून पाहा. गॅस जातो तेव्हा धार ग्लासागणिक बारीक होत जाते, कारण आतली पातळी उतरते तसा वरचा उरलेला गॅस पसरतो आणि त्याचा जोर कमी होतो. यात एक चकवा आहे. तासाभरानं तोटी ओढली की पुन्हा अर्धा ग्लास येतो. पेयात विरघळलेला गॅस हळूहळू वर येऊन थोडा दाब तयार करतो, आणि माणूस म्हणतो, चला, सुधारलं. सुधारलेलं काही नसतं. पेय स्वतःचाच गॅस खर्चून बाहेर येत असतं. वाट बुजली असेल तर चित्र वेगळं असतं: धार अचानक तुटते, किंवा तोटी पिचकत फेस टाकते, कारण अरुंद फटीतून जाताना पेयातला गॅस तिथेच सुटतो.

गॅसच्या बाजूला आम्हा सोलापूरकरांची खरी फसगत सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर होते. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, आणि थोडासा द्रव उरेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, उरलेल्या मालावर नाही. २० अंशांना तो साधारण ५७ बार असतो, फ्रिजमध्ये ४ अंशांना ३९ च्या आसपास. म्हणून फ्रिजमधल्या सिलिंडरचा काटा शेवटपर्यंत जागचा हलत नाही आणि द्रव संपला की धाडकन खाली येतो. आता हाच सिलिंडर मे महिन्यात बाहेरच्या खोलीत ठेवा. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा काटा उंच चढलेला दिसतो आणि वापराबरोबर थोडा थोडा उतरतो. एकच सिलिंडर दोन ठिकाणी दोन भाषा बोलतो. काट्यावर विसंबू नका, तराजूवर ठेवा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर ठोकलेलं असतं, ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो. भरताना खाद्यपदार्थांसाठीचा गॅस मागून घ्या, वेल्डिंगवाल्यांचा नको. आणि उन्हात, गच्चीवर तर सिलिंडर ठेवूच नका.

सिलिंडरमध्ये गॅस असूनही केग गप्प असेल, तर झाकणाची मोठी ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, तपासा. कमी दाबावर ती नीट बसत नाही आणि आवाज न करता रात्रभरात गॅस सोडते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे सांगतात. झाकण वर ओढून धरा आणि एकदाच दोन बारचा दाब द्या, बहुतेक वेळा ते बसतं. नाही बसलं तर ओ-रिंग बदला. एका रबराच्या काटकसरीपायी पूर्ण सिलिंडर जातो.

पेयाच्या वाटेचा शोध थोडा ओला असतो. पेयाचा कनेक्टर काढा, पोस्टवर फडकं धरा आणि त्याच्या आडून पॉपेट पेचकसानं हलकेच दाबा. पेय उसळलं तर तळाची नळी मोकळी आहे, मग दोष कनेक्टर, लवचीक नळी किंवा तोटीत. कित्येकदा कनेक्टर खटकन बसल्यासारखा वाटतो पण पॉपेट पुरता दाबतच नाही. काहीच आलं नाही तर चोथा नळीच्या तोंडाशी किंवा पॉपेटमध्ये अडकला आहे. अशा वेळी केगचा दाब रिंगेनं सोडा, गॅसच्या नळीला पेयाच्या बाजूचा कनेक्टर जोडा आणि पेयाच्या पोस्टमधून उलटा झटका द्या. गॅसचाच कनेक्टर तिथे रेटू नका, तो अडकतो आणि मग निघत नाही. पोस्ट पान्यानं खोलायची वेळ आली, तर रिंग ओढून दाब पूर्ण उतरल्याची खात्री करा. दाबाखालचा पोस्ट गोळीसारखा सुटतो.

उन्हाळ्यात आणखी एक कारण याच घोळक्यात येऊन उभं राहतं. उकाड्यामुळे फ्रिजची कळ शेवटच्या आकड्यावर फिरवलेली असते आणि मागच्या पत्र्याला टेकलेल्या नळीत बर्फ धरतो. रिंग ओढली की फुस्स, पॉपेट दाबला की पेय उसळतं, आणि तोटीत थेंब नाही. इथे काही खोलू नका. नळी पत्र्यापासून दूर करा, कळ मागे घ्या, फ्रिजचं दार थोडा वेळ उघडं ठेवा. बर्फ सुटल्यावरचा पहिला ग्लास नुसत्या फेसाचा निघेल, तो मोरीत ओता.