मधपेट्यांसाठी जागेची निवड

मधपेट्यांसाठी जागेची निवड : फुलोरा, पाणी, निवारा आणि धोके पाहून पाळीव मधमाश्यांच्या वसाहतींसाठी जागा ठरवणे. येथे मुख्यतः महाबळेश्वर परिसरातील सातेरी माशीचा, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीचा विचार केला आहे. याच तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

पेटी ठेवायला चार हात जागा पुरते, पण सातेरी साधारण एक किलोमीटरपर्यंत चरायला जाते. म्हणजे एका पेटीचे पोट सुमारे ३१४ हेक्टर रानावर भरते. जाणता मधपाळ त्यामुळे मालकाच्या बांधावर न थांबता शेजारची रानेही फिरून पाहतो. जांभूळ, हिरडा, गेळा उन्हाळ्यात मध देतात. कारवी फुलली की मध भरपूर मिळतो, पण ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. तिच्या भरवशावर कायमची जागा धरू नये. नुसत्या सूर्यफुलाचे किंवा कांदा-बियाण्याचे शिवार असेल, तर फुलोरा ओसरताच पेट्या हलवाव्या लागतात.

जागेचा खरा कस पावसाळ्यात लागतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. माश्या दिवसेंदिवस बाहेर पडू शकत नाहीत, त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. वसाहत रोडावली की सगळी पोळी झाकायला माश्या पुरत नाहीत. उघड्या पोळ्यांवर मेणपतंग अंडी घालतो, त्याच्या अळ्या मेण पोखरून जाळी विणतात आणि शेवटी माश्या पेटी सोडून जातात. म्हणून पाणी न साचणारा, वाऱ्याला आडोसा असलेला उतार निवडावा. दाराचे तोंड पूर्वेला, पाठ पावसाच्या झडीला. उन्हाळ्यात दुपारी झाडाची सावली हवी. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे (पेटी ठेवण्याच्या चौकटीचे) पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात.

जवळ वाहता झरा असल्यास उत्तम. उघड्या हौदात माश्या बुडतात. उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवले तरी चालते. रात्रभर जळणारे दिवे आणि गुऱ्हाळे टाळावीत, कारण गुळाच्या कढईत माश्या पडून मरतात. सर्वांत मोठा धोका मात्र कीटकनाशकांचा. जागा देणाऱ्या शेतकऱ्याने फुलोऱ्यात फवारणी टाळावी, अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी आणि मधपाळाला आधी कळवावे. शेजाऱ्यांशीही हे आधीच बोलून घ्यावे लागते, कारण माशी बांध ओळखत नाही.