राखणदार कुत्र्याचा 'परका' कोण ठरवतं?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा २३ जातींची कुत्री माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, असं त्यात म्हटलं होतं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच पत्र काढलं म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. पण यादी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. सोसायटीत कुणी रॉटवायलर आणला की 'ती जातच खुनशी' हे वाक्य हमखास ऐकू येतं.

त्या यादीतली काही नावं पाहा: कांगल, अकबाश, शारप्लानिनाच, तोर्न्याक, कॉकेशियन शेफर्ड, मध्य आशियाई शेफर्ड, दक्षिण रशियन शेफर्ड. ही झुंजीची कुत्री नाहीत, मेंढ्या राखणारी आहेत. तुर्कस्तानचे मेंढपाळ कांगलच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण लांडगा पहिल्यांदा मानच धरतो. नामिबियात 'चीता कन्झर्व्हेशन फंड' ही संस्था १९९४ पासून याच तुर्की वंशाची कुत्री शेतकऱ्यांना देते आहे. कुत्रं शेळ्या राखतं, नुकसान टळतं, आणि मग शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत सोडलेले आपले पहिले चित्ते त्याच नामिबियातून आले. चित्ते वाचवणारं कुत्रं आपल्याकडच्या यादीत मात्र 'धोकादायक' म्हणून नोंदलं गेलं, हे मला फार खटकतं.

रॉटवायलरचं काम वेगळं होतं. जर्मनीतल्या रॉटवाइल गावाजवळ तो गुरं हाकायचा, खाटकांच्या गाड्या ओढायचा. १९१० मध्ये त्याला पोलीस कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. डोबरमन तर ज्याच्या नावाने ओळखला जातो तो आपोल्डा गावचा करवसुली करणारा माणूस होता, त्याला सोबतीला दरारा असणारं कुत्रं हवं होतं. बदनामीची पाळीही फिरत आली आहे. एके काळी अल्सेशियनच्या नावाने लोक घाबरत, पुढे डोबरमनच्या, मग रॉटवायलरच्या. आज पिटबुलची पाळी आहे. एवढ्या थोड्या वर्षांत कुठल्याही जातीचं रक्त बदलत नाही.

मग स्वभावात जातीचा वाटा किती? २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या आणि २,१५५ कुत्र्यांचा जनुकसंच वाचला गेला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता आला. माणसाचं ऐकण्याची तयारी या गुणात जातीचा प्रभाव त्यातल्या त्यात जास्त होता. कुत्रं किती पटकन उचकतं, याबद्दल मात्र जात जवळजवळ काहीच सांगत नव्हती. उत्तरं मालकांनी दिलेली होती आणि कुत्री बहुतेक घरगुती पाळीव होती, ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी. याचा अर्थ स्वभाव अनुवंशिक नसतो असाही नाही. तो आईबापांकडून येतो, पण एकाच जातीतल्या दोन घराण्यांत इतका फरक असतो की जातीचं नाव त्यापुढे फिकं पडतं.

आता मूळ मुद्दा. राखणदार कुत्र्याच्या डोक्यात 'आपलं' आणि 'परकं' ही विभागणी होते तरी कशी? मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

१९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट या तीन संशोधकांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात, माणसाचा संपर्क न होऊ देता वाढवली. वेगवेगळ्या वयांत काही पिल्लांना आठवडाभर माणसांत आणलं आणि परत सोडलं. तीन आठवड्यांची पिल्लं लगेच माणसाकडे धावली. पाच आठवड्यांची थोडी बिचकली, सात आठवड्यांची आणखी जास्त. ज्यांनी १४ आठवड्यांपर्यंत माणूस पाहिलाच नव्हता, ती रानटी जनावरांसारखी वागली आणि पुढेही धड माणसाळली नाहीत. आणि या दोन्ही अत्यंत गरीब समजल्या जाणाऱ्या जाती! कुंपणातल्या त्या आठवड्यांनी त्यांचं माणसाशी असलेलं नातंच तोडलं.

म्हणजे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात मेंदू एक यादी बनवतो: हे माझ्या जगातले. सुरुवातीला कुतूहल जास्त आणि भीती कमी असते. पाचव्या आठवड्यापासून भीती जागी होते आणि हळूहळू कुतूहलाला मागे टाकते. दूध कोमट असेपर्यंतच विरजण लागावं, तसं हे वेळेचं गणित आहे. उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत यामागची यंत्रणा थोडी दिसली. जन्मानंतर दहाएक दिवस त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, फार कमी असतं. त्यामुळे मेंदूतला अमिग्डाला हा भीती शिकणारा भाग वासाची आणि वेदनेची सांगड घालत नाही. त्याच काळात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे मेंदूतलं रसायन मुबलक सुटतं आणि ओढ मात्र झटपट शिकली जाते, अगदी ज्या वासासोबत सौम्य झटका बसला त्या वासाचीसुद्धा. संप्रेरकाची पातळी वाढली की तोच अनुभव भीती होऊन बसतो. कुत्र्यात तपशील आणि दिवस वेगळे आहेत, पण आधी ओढ, मग भीती हा क्रम तोच.

जात आपला हात दाखवते ती इथे, वेळेत. एका अभ्यासात जर्मन शेफर्डच्या पिल्लांत भीतीने मागे सरण्याची सुरुवात कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या पिल्लांपेक्षा लवकर दिसली. लांडग्यात तर जग ओळखून घेण्याची ही खिडकी इतकी लवकर उघडते की पिल्लाला तेव्हा दिसत आणि ऐकूही येत नसतं, ते केवळ वासावर जग ओळखू लागतं. राग वारशाने मिळतो असं म्हणण्यापेक्षा घड्याळ वारशाने मिळतं असं म्हणणं मला जास्त पटतं. ज्या जातीत भीती लवकर येते, तिला जग दाखवायला आपल्याला कमी दिवस मिळतात.

मेंढपाळांनी हे प्रयोगशाळेशिवाय ओळखलं. कांगलचं पिल्लू याच आठवड्यांत मेंढ्यांत ठेवतात, म्हणून मेंढ्या त्याच्या 'आपल्या' होतात. तेच पिल्लू पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर चार माणसांत वाढलं, तर जग त्या चार माणसांचं होतं. मग कुरिअरवाला, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, धावणारी मुलं हे सगळे परके. आणि ६० किलोच्या कुत्र्याने परक्याला हटवायचं ठरवलं की काय होतं, ते सांगायला नको. डॅशहुंड आणि चिवावा मालकांच्या प्रश्नावल्यांत माणसांवर धावून जाण्यात सरासरीच्या वर असतात, पण त्यांचा चावा बातमी होत नाही. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ताकदीचा धोका खराच आहे, तो मी नाकारणार नाही.

आपल्याकडे मात्र भलत्याच गोष्टींना महत्त्व दिलं जातं. काळी टाळू असलेलं पिल्लू कडक निघतं, वीस नखी कुत्रं चांगलं राखण करतं, कच्चं मांस खाऊ घातलं की तेज होतं. मागच्या पायांवरची जास्तीची नखं ही गर्भात पाय घडताना झालेल्या एका जनुकीय बदलाची खूण आहे, राखणीशी तिचा काडीचा संबंध नाही. इंटरनेटवर फिरणारी 'पिटबुलचा जबडा लॉक होतो' ही कथाही तशीच. तसं कुलूप कुठल्याही कुत्र्याच्या जबड्यात नाही. चोवीस तास साखळीला बांधून 'तेज' केलेलं कुत्रं तर फक्त घाबरलेलं आणि वैतागलेलं असतं.

घरी असं पिल्लू असेल तर लसीकरण पूर्ण होईपर्यंत खाली उतरवायचंच नाही, हा सर्रास दिला जाणारा सल्ला पुन्हा तपासा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती खरी आहे. पण सगळे डोस होईपर्यंत ही खिडकी बंद होत आलेली असते. अमेरिकेतली पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांची संघटना म्हणते, पहिल्या डोसनंतर आठवड्याभराने, सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच स्वच्छ जागी आणि लस झालेल्या कुत्र्यांसोबत पिल्लाला जग दाखवायला सुरुवात करा. कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा, छत्री, गणवेश दाखवता येतो. दुसरं, राखण करण्याची वृत्ती दीड ते तीन वर्षांच्या सुमारास पुरती वर येते. वर्षभर सगळ्यांचं लाडकं असलेलं कुत्रं तेव्हा दारात उभं राहून गुरगुरू लागलं, तर त्याला मारू नका, शिक्षेने गुरगुरणं बंद होतं आणि इशारा न देता चावा येतो. प्रशिक्षकाला बोलवा आणि जाळीच्या मुसक्याची सवय शांतपणे, खाऊ देत लावा.

भारतात २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा सर्वांत मोलाचा काळ पैदास करणाऱ्याच्या घरी जातो. पिल्लू पसंत करताना केनेल क्लबच्या कागदाआधी पिल्लांची आई दाखवायला सांगा. अनोळखी माणूस समोर असताना ती कशी वागते, पिल्लं पिंजऱ्यात ठेवली होती की घरातल्या पायांमध्ये वावरत होती, हे स्वतः पाहा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथून पिल्लू घेऊ नका.