७३७ मॅक्स: सिम्युलेटर सत्राला येण्यापूर्वी

सप्टेंबर २०२० मध्ये लंडनजवळ गॅटविक येथे अमेरिका, युरोप, कॅनडा आणि ब्राझीलच्या विमानवाहतूक नियामकांनी बोईंग ७३७ मॅक्स या प्रवासी विमानाचे प्रस्तावित प्रशिक्षण एकत्र तपासले. सिम्युलेटरमध्ये बसवले ते कमी-अधिक अनुभव असलेले, नेहमी विमान चालवणारे वैमानिक. चाचणी-वैमानिकांना जमते ते सगळ्यांना जमेलच असे नाही, म्हणून ही निवड आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

विमानातला मुख्य बदल एमकॅसमध्ये, म्हणजे विमानाचे नाक आपोआप खाली आणणाऱ्या प्रणालीत आहे. पूर्वी ही प्रणाली एकाच अँगल ऑफ अटॅक (पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भिडतो तो कोन) सेन्सरवर विसंबून होती. आता दोन्ही सेन्सर ताडून पाहिले जातात. फ्लॅप्स (उड्डाण करताना व उतरताना बाहेर काढायच्या पंखांवरच्या पट्ट्या) आत असताना त्यांच्यात ५.५ अंशांहून अधिक फरक पडला, तर एमकॅस चालत नाही. चाललीच तर एका प्रसंगात एकदाच, आणि कंट्रोल कॉलम (नाक वर-खाली करण्याचा वैमानिकापुढचा दांडा) ओढून सावरता येईल इतपतच. मात्र सेन्सर बिघडला की स्टिक शेकर (कॉलम थरथरवून पंखांची उचल संपत आल्याचा इशारा देणारी यंत्रणा) चुकीने सुरू होणे आणि वेगाचे चुकीचे आकडे आजही येऊ शकतात. म्हणूनच उड्डाणाच्या वेळी सेन्सर बिघडल्याचा सराव सत्रात आहे.

सर्वाधिक वेळ स्टॅबिलायझर रनअवेला द्या, म्हणजे शेपटीचा आडवा पंख (स्टॅबिलायझर) आपोआप हलत राहून नाक वर किंवा खाली नेतो त्या बिघाडाला. कॉलम घट्ट धरा, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा रेटा आपोआप ठरवणारी यंत्रणा) बंद करा, कॉलम व थ्रस्टने (इंजिनांच्या रेट्याने) नाक आणि वेग आवरा. मग आधी विजेच्या ट्रिमने (स्टॅबिलायझर विजेने हलवून) कॉलमवरचा जोर उतरवा. रनअवे तरीही थांबला नाही, तर ट्रिमची वीज तोडणारे दोन्ही कटआउट स्विच बंद करा. त्यानेही ट्रिम व्हील (स्टॅबिलायझर हाताने हलवण्याचे चाक) थांबले नाही, तर ते हाताने पकडून धरा. घाईत नेमकी जोर उतरवण्याची पायरी सुटते. नाक खाली ट्रिम झालेले आणि वेग वाढलेला असला, की हवेच्या दाबामुळे ट्रिम व्हील हाताने फिरत नाही. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाच्या ३०२ क्रमांकाच्या उड्डाणात स्विच बंद केल्यावर हेच घडले. १५७ जण गेले. वेग कमी केला की चाक हलके होते, आणि गरज पडल्यास दोघांनी मिळून ते फिरवावे.

नियम सगळीकडे सारखे नाहीत. चुकीने सुरू झालेला स्टिक शेकर सर्किट ब्रेकर (वीज तोडणारे बटण) ओढून बंद करण्याची मुभा कॅनडा आणि युरोपने दिली, अमेरिकेने दिली नाही. त्यामुळे नोंदणी करताना तुमचा परवाना कोणत्या नियामकाचा आहे आणि तुमच्या कंपनीची चेकलिस्ट कोणती आहे, हे आम्हाला कळवा. सत्र त्यानुसारच आखले जाते.