लिलेहामर: ऑलिम्पिकच्या आधीचं आणि नंतरचं

नॉर्वेच्या ग्रुप टूरमध्ये ऑस्लोहून गायरांगरकडे निघालेली बस बऱ्याचदा लिलेहामरला थांबते. सगळे उतरतात, स्की जम्पच्या टॉवरखाली फोटो काढतात, १९९४ चं विंटर ऑलिम्पिक इथे झालं एवढं गाइड सांगतो आणि बस पुढे निघते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे गाव ऑलिम्पिकमुळे घडलेलं नाही, उलट हे गाव आधीपासून जसं होतं त्यामुळेच ते ऑलिम्पिक तसं झालं, आणि ते कसं हे कळायला थोडं मागे जावं लागतं. म्हणून तिकडे जायचा विचार करणाऱ्यांसाठी ही पार्श्वभूमी.

आधी नकाशा बघा. म्योसा हा नॉर्वेतला सगळ्यात मोठा तलाव, लांबी ११७ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघून साताऱ्यापर्यंत सलग पाणीच पाणी असं समजा. या तलावाच्या उत्तर टोकाला लोगेन नदी येऊन मिळते आणि तिथेच लिलेहामर आहे. गावाच्या वर गुडब्रान्स्डालची खोल दरी सुरू होते, आणि दक्षिण नॉर्वेतून ट्रोनहाइमकडे जाणारा जुना रस्ता याच दरीतून जातो. व्यापारी, यात्रेकरू, सैन्य सगळे इथूनच गेले. तलावातून आलेला माल इथे उतरायचा आणि पुढे घोड्यावर चढायचा, दरीतून आलेला माल इथे होडीत भरायचा. हिवाळ्यात पाणी गोठलं की घोड्यांच्या घसरगाड्या थेट बर्फावरून जायच्या, आणि खरं तर चिखलाच्या रस्त्यापेक्षा हा बर्फाचा रस्ता जास्त सोयीचा असायचा. आपल्याला वाटतं बर्फ पडला म्हणजे सगळं ठप्प, पण इथल्या लोकांचं काम बर्फ पडल्यावर जास्त सोपं व्हायचं, आणि स्की हा खेळ नव्हता तर शेजारच्या वाडीवर, जंगलात, बाजाराला जायचं साधन होतं.

गावाच्या मानचिन्हावर स्कीवर चाललेला एक योद्धा आहे, त्याची गोष्ट १२०६ सालची. तेव्हा नॉर्वेत यादवी चालू होती, एका बाजूला बिर्केबाइनर आणि दुसऱ्या बाजूला बागलर. बिर्केबाइनर सुरुवातीला इतके गरीब होते की पायांना भूर्जाच्या साली गुंडाळून फिरायचे, त्यावरूनच शत्रूंनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. त्यांचा राजा वारला होता आणि त्याचा दोन वर्षांपेक्षाही लहान मुलगा हाकोन हा वारस, बागलरांच्या हाती लागला असता तर संपलाच असता. म्हणून त्या बाळाला आणि त्याच्या आईला, इंगाला, घेऊन काही माणसं भर हिवाळ्यात उत्तरेकडे निघाली. लिलेहामरजवळ आल्यावर वादळ एवढं वाढलं की सगळ्यांनी एकत्र जाणं अशक्य झालं, तेव्हा त्यांच्यातले दोन सगळ्यात पट्टीचे स्कीवाले, तोरस्टाइन स्केव्हला आणि श्केर्व्हाल्ड स्क्रुक्का, बाळाला घेऊन डोंगर ओलांडून पूर्वेकडच्या ओस्टरडाल दरीत गेले. बाळ वाचलं. तेच पुढे १२१७ मध्ये राजा हाकोन हाकोन्सन झालं, त्याच्याच काळात यादवी संपली आणि आइसलँड-ग्रीनलँडसुद्धा नॉर्वेच्या राज्यात आले. १८६९ मध्ये क्नुद बर्ग्सलिएन या चित्रकाराने हा प्रसंग रंगवला, दोन दाढीवाले योद्धे, भाले, ढाल आणि एकाच्या छातीशी धरलेलं बाळ, आणि ते चित्र नॉर्वेच्या घराघरात पोचलं.

ही गोष्ट नुसती चित्रात राहिली नाही हे मला सगळ्यात आवडतं. १९३२ पासून त्याच ओस्टरडाल दरीतल्या रेना या गावापासून लिलेहामरपर्यंत अशी ५४ किलोमीटरची क्रॉस-कंट्री स्की शर्यत होते, बिर्केबाइनररेन्नेट, आणि तिचा नियम असा की प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची सॅक असलीच पाहिजे. ते वजन म्हणजे त्या बाळाची आठवण. आत काहीही भरा, जादा कपडे, खाणं, पण वजन कमी भरलं तर शर्यतीतून बाद. शर्यत सकाळी लवकर सुरू होते, मग दोन मोठे डोंगरमाथे पार करायचे, वर झाडं संपतात आणि वारा थेट अंगावर येतो, आणि शेवटी उतरत उतरत लिलेहामरच्या स्टेडियममध्ये. हजारो माणसं धावतात, त्यात बँकेत काम करणारे, शिक्षक, निवृत्त झालेले, सगळे. आपल्याकडे वारीला जाणाऱ्याला पाय का दुखवून घेतोस असं कोणी विचारत नाही, तसं इथेही कोणी विचारत नाही.

गाव म्हणून मात्र लिलेहामर तसं नवीनच. १८२७ मध्ये व्यापारी गाव म्हणून हक्क मिळाले तेव्हा हद्दीत नोंदलेले रहिवासी होते जेमतेम पन्नास. मग मेस्ना नावाची छोटी नदी कामाला आली, ती डोंगरावरून जोरात उतरते, तिच्या पाण्यावर गिरण्या आणि छोटे कारखाने उभे राहिले. १८५४ मध्ये नॉर्वेची पहिली रेल्वे ऑस्लोहून (तेव्हाचं नाव क्रिस्तियानिया) म्योसाच्या दक्षिण टोकाला आयडस्व्होलपर्यंत आली आणि दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, तिथून पुढे प्रवासी नेण्यासाठी स्किब्लाड्नर ही चाकांची वाफेची बोट तलावात उतरली. ही बोट अजून चालते! वेळापत्रकानुसार चालणारी जगातली सगळ्यात जुनी पॅडल स्टीमर म्हणून तिचा मान आहे, उन्हाळ्यात जाणार असाल तर इंजिनरूमच्या वर उभं राहून ते पॉलिश केलेले दांडे मागेपुढे होताना नक्की बघा, पोरं तर तिथून हलत नाहीत. रेल्वे खुद्द लिलेहामरपर्यंत १८९४ मध्ये आली.

रेल्वेच्या थोडं आधी, १८८५ मध्ये, इथे एक तरुण दातांचा डॉक्टर आला होता, आन्डर्स सान्विग. त्याला फुप्फुसाचा आजार होता, आणि लिलेहामरची कोरडी हवा अशा माणसांना मानवते असं तेव्हा मानलं जायचं. हा दाताची उपकरणं घेऊन गुडब्रान्स्डालच्या वाड्यावाड्यांवर फिरायचा आणि त्याच्या लक्षात आलं की जुनी कोरीव कपाटं, हत्यारं, भांडी, अगदी जुनी लाकडी घरंसुद्धा लोक मोडून टाकतायत नाहीतर परदेशी माणसांना विकतायत. मग तो स्वतःच विकत घ्यायला लागला. आधी वस्तू, मग अख्खी घरं, ओंडके सुटे करून नंबर टाकून आणायचे आणि स्वतःच्या बागेत पुन्हा उभे करायचे! बाग पुरेना तेव्हा गावाने जागा दिली आणि १९०४ मध्ये माइहाउगेन हे खुलं म्युझियम सुरू झालं. आज तिथे दोनशेच्या आसपास इमारती आहेत. त्यातलं गार्मोचं लाकडी चर्च तर मूळ जागेवरून पाडून त्याचे भाग विकले गेले होते, सान्विगने मिळतील ते गोळा केले आणि १९२१ मध्ये ते इथे उभं राहिलं. आत गेल्यावर डांबराचा वास येतो, कारण अशी चर्चं टिकवण्यासाठी लाकडाला पाइनचं डांबर लावतात. एका दंतवैद्याने एकट्याने अख्ख्या दरीचा इतिहास वाचवला, याचं मोल मला त्या स्की टॉवरपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

चित्रकारही इथे बरेच आले, हिवाळ्यातल्या उजेडासाठी. लेखिका सिग्रिड उन्सेट १९१९ मध्ये इथे राहायला आल्या, बियेर्केबेक हे त्यांचं घर आता बघता येतं. १९२८ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं, आणि १९४० मध्ये ते पदक त्यांनी फिनलंडच्या युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी देऊन टाकलं. त्याच वर्षी जर्मन सैन्य आलं आणि नाझींविरुद्ध उघडपणे लिहिलेलं असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला, परत आल्या त्या युद्ध संपल्यावर.

एक दुःखद प्रसंग गाइड सहसा सांगत नाहीत. २१ जुलै १९७३ ला अहमद बुशिकी हा मोरोक्कोचा वेटर गरोदर बायकोबरोबर सिनेमा बघून घरी परतत होता, तेव्हा इस्रायलची गुप्तहेर संस्था मोसादच्या हस्तकांनी त्याला लिलेहामरच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधल्या इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडाशी संबंधित अली हसन सलामे हाच, असं समजून. माणूस चुकीचा होता. हस्तकांपैकी काही पकडले गेले, पाच जणांना शिक्षा झाली, आणि १९९६ मध्ये इस्रायलने त्याच्या कुटुंबाला नुकसानभरपाई दिली. लिलेहामर म्हटलं की हेरगिरीवर वाचणाऱ्यांना आजही आधी हेच आठवतं.

आता ऑलिम्पिक. १९८० च्या सुमारास या भागातली तरुण मुलं ऑस्लोकडे निघून जात होती, रोजगार कमी होता, आणि त्यातून इथल्या काही लोकांच्या डोक्यात आलं की आपण विंटर ऑलिम्पिकच मागूया. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावाने! १९९२ च्या स्पर्धेसाठी प्रयत्न केला, ती फ्रान्समधल्या आल्बेर्व्हिलला गेली. पण त्याच सुमारास समर आणि विंटर गेम्स वेगवेगळ्या वर्षी घ्यायचं ठरलं, त्यामुळे पुढची विंटर गेम्स चार नाही तर दोनच वर्षांनी, १९९४ ला. पुन्हा अर्ज केला. १५ सप्टेंबर १९८८ ला सोलमध्ये मतदान झालं, पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड स्वतः तिथे बाजू मांडायला गेल्या होत्या, आणि शेवटच्या फेरीत लिलेहामरने स्वीडनच्या ओस्टरसुंडला ४५ विरुद्ध ३९ मतांनी हरवलं. ओस्टरसुंडही असंच तलावाकाठचं थंड गाव, त्यांना बिचाऱ्यांना ती संधी आजवर मिळालेली नाही.

ब्रुंटलांडबाईंचं नाव इथे महत्त्वाचं आहे, कारण शाश्वत विकास ही कल्पना जगभर नेणारा संयुक्त राष्ट्रांचा १९८७ चा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला होता. त्यामुळे पर्यावरणवाल्यांनी आग्रह धरला की मग हे गेम्सही तसेच झाले पाहिजेत, आणि आयोजकांनी ते बऱ्यापैकी ऐकलं. जवळच्या हामार गावातला स्केटिंगचा हॉल, उलट्या व्हायकिंग जहाजाच्या आकाराचा व्हिकिंगशिपे, पाणपक्ष्यांच्या राखीव जागेला लागून होणार होता, विरोध झाल्यावर तो बाजूला सरकवला. तलावाकाठच्याच योव्हिक गावात आइस हॉकीचा हॉल चक्क डोंगराच्या पोटात खोदला, आतला छताचा पसारा ६१ मीटर, मधे एकही खांब नाही, खडकच छत. बाहेरून बघाल तर डोंगरात एक दार फक्त दिसतं. पदकांमध्येसुद्धा स्थानिक दगड बसवला होता, आणि मॅस्कॉट म्हणून प्राण्यांऐवजी हाकोन आणि क्रिस्टिन ही दोन मुलं, तोच तो १२०६ मधला हाकोन.

१२ फेब्रुवारी १९९४ ला ल्युस्गोर्ड्सबाक्केन या स्की जम्पच्या उतारावर उद्घाटन झालं. मशाल घेऊन स्की जम्प मारायचा होता, ज्याची निवड झाली होती तो सरावात पडून जखमी झाला, आणि ऐनवेळी स्टाइन ग्रुबेनने मशाल हातात घेऊन ती उडी मारली आणि नीट उतरला. त्याआधी आठवडाभरच, युद्ध चालू असलेल्या बोस्नियात, सारायेव्होच्या बाजारात तोफगोळा पडून डझनावारी माणसं मेली होती, आणि सारायेव्हो म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं यजमान शहर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष सामारांच यांनी सगळ्यांना उभं करून शांतता पाळायला लावली आणि लढाई थांबवा म्हणून आवाहन केलं. नॉर्वेच्या योहान उलाव कोसने स्पीड स्केटिंगच्या तीन शर्यती जिंकल्या, तिन्हीत जागतिक विक्रम, आणि १५०० मीटरच्या विजयाचा बोनस त्याने ऑलिम्पिक एड या मदतनिधीला देऊन टाकला. लाखो क्रोनर लोकांनीही मग दिले.

पण नॉर्वेजियन माणसाला विचाराल तर तो रिलेचं सांगेल. २२ फेब्रुवारी, पुरुषांची क्रॉस-कंट्री स्की रिले, चार गुणिले दहा किलोमीटर, जंगलात ट्रॅकच्या कडेने लाखभर माणसं, काही तर आदल्या रात्रीपासून तंबू टाकून शेकोटी पेटवून बसलेली. इटलीचा पहिला गडी मौरिलियो दे झोल्ट ४३ वर्षांचा, पण पठ्ठ्याने टीमला शर्यतीत ठेवलं. शेवटच्या टप्प्यात नॉर्वेचा ब्युर्न डेली आणि इटलीचा सिल्व्हियो फाउनर चिकटून, स्टेडियममध्ये शेवटचं वळण, आणि फाउनर ०.४ सेकंदाने पुढे. चाळीस किलोमीटरनंतर ०.४ सेकंद! नॉर्वेने त्या गेम्समध्ये दहा सुवर्णपदकं जिंकली तरी आजही लोक बोलतात ते या रुपेरी पदकाबद्दल.

गेम्सनंतर सगळं गोड झालं असं नाही. गर्दी कायम राहील या भरवशावर बांधलेल्या काही हॉटेलांचं दिवाळं निघालं. पण प्रसारण केंद्राच्या इमारतीत कॉलेज आलं, म्हणजे तरुण मुलं गावात राहावीत हा मूळ हेतू त्या मार्गाने बऱ्यापैकी साधला. हुंदेरफोस्सेनचा बॉब-ल्यूज, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा, ट्रॅक अजून वापरात आहे, पर्यटकांनाही बसता येतं. २०१६ मध्ये युथ ऑलिम्पिक इथेच झालं, तेही बहुतेक जुन्याच मैदानांवर.

जायचं कसं म्हणाल तर ऑस्लो एअरपोर्टवरून थेट ट्रेन आहे, पावणेदोन तासांच्या आसपास, आणि डावीकडच्या खिडकीशी बसा, बराच वेळ तलाव दिसतो. किमान दोन रात्री ठेवा, एक दिवस माइहाउगेन आणि स्टोरगाता या लाकडी घरांच्या रस्त्यासाठी, एक दिवस बर्फासाठी. जवळच्या स्कीच्या डोंगरांपैकी नवशिक्यांसाठी आणि पोरांसाठी हाफ्येल बरं, क्वितफ्येल जरा कसलेल्यांसाठी. ल्युस्गोर्ड्सबाक्केनवर पायऱ्या चढून जा, नऊशेच्या वर आहेत, दमवतात, पण उडी मारणाऱ्याला वरून काय दिसतं ते त्याशिवाय कळत नाही. आणि मार्चमध्ये जाणार असाल तर बिर्केबाइनररेन्नेटची तारीख आधी बघून घ्या, त्या वीकएंडला गावात रूम मिळणं फार अवघड, पण आगाऊ बुकिंग करून गेलात तर फिनिश लाइनपाशी उभे राहा आणि सॅकचं वजन तपासताना बघा.