इंजिन उशिरा तापणं

हिवाळ्यात कार चालू केल्यावर इंजिनला नेहमीच्या तापमानाला, म्हणजे साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला, यायला फार वेळ लागणं किंवा तिथवर ते पोचतच नसणं. नागपुरात "भाऊ, गाडी तापूनच नाही राहिली" एवढं म्हटलं की मिस्त्रीला पुढचं समजतं. तापमानाचा काटा 'सी'च्या (कोल्ड, म्हणजे गारच्या खुणेच्या) जरासा वर येऊन बसतो, हीटरमधून कोमट हवा येते, आणि ज्या गाड्यांत काटाच दिलेला नाही त्यांत निळा दिवा विझायचं नाव घेत नाही.

दोष थंडीचा, असं बहुतेक जण धरून चालतात. नागपूरची थंडी अगदीच नावापुरती नाही, २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण हिशेब करून बघा: ३० अंशांवरून ९० ला जायला ६० अंश चढायचे, १० वरून जायला ८०, म्हणजे उष्णता साधारण एक तृतीयांशच जास्त लागते. एरवी सहा मिनिटांत तापणारी गाडी थंडीत आठ-नऊ मिनिटं घेईल, ते चालतं. सेमिनरी हिल्सहून निघून वर्धा रोडनं विमानतळापर्यंत आलो तरी काटा तिथंच, हे मात्र थंडीनं होत नाही. डिझेल गाड्यांना यात थोडी सूट द्यावी लागते कारण डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं आणि नुसतं उभं राहून चालू ठेवलं तर फारच सावकाश तापतं.

खरा संशयित थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना हा वाल्व बंद राहतो, त्यामुळे कूलंट (इंजिनातली उष्णता वाहून नेणारं द्रव) ते गार करणाऱ्या रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या अंशाला (८२, ८८ वगैरे, आकडा बहुधा वाल्ववरच ठोकलेला असतो) तो उघडू लागतो. उघडाच अडकला तर गार इंजिनाचं कूलंटही पहिल्या मिनिटापासून रेडिएटरची वारी करतं.

थर्मोस्टॅटचा उगम कुणाचा यावर एकमत नाही. तापमान आपोआप सांभाळायची कल्पना सतराव्या शतकातल्या कॉर्नेलिस ड्रेबेलच्या भट्टीपर्यंत मागे नेतात, 'थर्मोस्टॅट' हे नाव अँड्र्यू यूरच्या १८३० च्या सुमाराच्या पेटंटाशी जोडतात, पण त्याचं यंत्र दोन धातूंच्या पट्टीचं होतं, आजच्या वाल्वशी त्याचं नातं दूरचंच. मोटारीत बघायचं तर फोर्ड मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता, गरम पाणी वर आणि गार खाली एवढ्यावर काम चालायचं. कॅडिलॅकच्या १९१४ च्या सुमाराच्या आठ सिलिंडरी गाडीत थर्मोस्टॅट दिसतो, म्हणून काही जण पहिला मान तिला देतात. त्या काळी द्रव भरलेल्या भात्यासारख्या नळ्या वापरात आल्या. मेणाचा वाल्व सहसा सर्जियस व्हर्ने यांच्या नावावर, १९३४ सालचा मानतात, आणि आजच्या वाल्वचा पूर्वज शोधायचा तर हेच नाव जास्त पटतं. कारण पुढे रेडिएटरच्या झाकणानं कूलिंगमध्ये दाब आला, त्या दाबानं भात्याची गणितं बिघडायची. मेणाला दाबाचं फारसं काही वाटत नाही. पितळी डबीत तांब्याची पूड मिसळलेलं मेण असतं, ते वितळताना चांगलंच फुगतं आणि दांडी सरकवून वाल्व उघडतं, गार झालं की स्प्रिंग तो परत मिटवते.

नागपुरात हा दोष बरेचदा डिसेंबरात दिसतो पण झालेला मे महिन्यात असतो. ४७.९ अंशांपर्यंत (२३ मे २०१३) तापलेलं शहर, ट्रॅफिकमध्ये गाडी उकळली की "वाल काढून टाकू, टेन्शनच नाही" हा सल्ला ठरलेला, मग गाडी उन्हाळा काढते आणि हिवाळ्यात मालक विचारतो की काहून तापत नाही. वाल्व काढल्यावर काही इंजिनांत कूलंटचा रेडिएटर टाळून जाणारा छोटा फेरा उघडाच राहतो, म्हणजे उन्हाळ्यातही फायदा होईलच असं नाही. दुसरं कारण बोअरचं पाणी. कूलंटऐवजी तेच भरत राहिलं तर क्षार आणि गंज वाल्वच्या बैठकीत जमतो आणि वाल्व पूर्ण मिटत नाही.

ओळखायची रीत सोपी. सकाळी गार गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावा (पंख्यापासून लांब राहून). चांगल्या गाडीत पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो, वाल्व उघडा असेल तर इंजिनसोबतच हळूहळू कोमट होत जातो. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०१२८ हा कोड याचाच, मात्र कधी तापमानाचा सेन्सरच खोटं सांगतो (२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, तो सेन्सरचाच बिघाड निघाला). वाल्व काढून पातेल्यातल्या गार पाण्यात दोऱ्यानं लटकवायचा, सोबत थर्मामीटर, आणि गॅस लावून तो ठरलेल्या अंशाला उघडतो का ते बघायचं. नवा बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवतात, नाहीतर हवा अडकते.

गार चालत राहिलेलं इंजिन पेट्रोल जास्त पितं. सदर ते बर्डी अशा जवळच्याच फेऱ्या असतील तर तेलातलं पाणी उडून जात नाही, ऑइलच्या झाकणाखाली मळकट सायीसारखा थर धरतो आणि तो बघून लोक हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सील) गेलं म्हणून घाबरतात. चोक ओढायच्या जुन्या कार्बोरेटर गाड्या उभ्या ठेवून तापवत, इंजेक्शनवाल्या गाडीत अर्ध्या मिनिटानं निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस कमी ठेवावी.

काही नव्या गाड्यांत मेणाच्या डबीतच छोटा हीटर असतो आणि कॉम्प्युटर वाल्व लवकर उघडवू शकतो. त्यांना पातेल्याची परीक्षा अर्धीच लागू पडते.