बाळाची मान एकीकडंच का वळते, आणि त्यावर हातानं उपचार करायची पद्धत कुठनं आली

माझी लेक बावीस दिवसांची होती. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माहेरी होते, न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी तिला पायावर घेतलं, मानेला तेल लावता लावता मध्येच थांबल्या आणि मला हाक मारली, "पोरी, हिच्या मानंत काय लागतंय बघ की." उजव्या बाजूला कानाच्या खाली हरभऱ्याएवढी टणक गाठ. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, म्हणाले काही नाही, स्नायूतली गाठ आहे, आपोआप जाईल, थांबा. गाठ गेली खरंच. पण तीन महिन्यांची होईपर्यंत लेक कायम डावीकडंच बघायची, डोक्याच्या मागं डावीकडचे केस घासून गेले, आणि वरनं बघितलं की डोकं तिरकं झालेलं दिसायला लागलं. "थांबा" या एका शब्दात आमचे दोन महिने गेले आणि म्हणूनच हे सगळं लिहायला बसलेय, कारण ते थांबायचे महिने नव्हतेच.

आधी नक्की होतं काय ते सांगते. कानाच्या मागच्या हाडापासून खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत आणि छातीच्या हाडापर्यंत एक लांब स्नायू असतो, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. मान वळवल्यावर गळ्यावर जो दोरीसारखा उठून दिसतो तोच. तो उजवीकडचा आखडला की डोकं उजव्या खांद्याकडं कलतं आणि हनुवटी मात्र डावीकडं वळते, हे उलटसुलट ऐकायला वाटतं पण आरशासमोर स्वतः करून बघा, लगेच कळतं. यालाच टॉर्टिकॉलिस म्हणतात. आता हनुवटी सारखी डावीकडं म्हटल्यावर झोपताना डोकं मागच्या डाव्या भागावरच टेकणार, कवटी मऊ असते, पहिल्या वर्षात डोक्याचा घेर साधारण १२ सेंटिमीटर वाढतो आणि त्यातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते, मग जिथं टेकलंय तिथं वाढ अडते आणि बाकी सगळीकडं होते. डावा कान पुढं सरकतो, डावं कपाळही जरा पुढं येतं. या चपटेपणाला प्लेजिओसेफली म्हणतात. कधी उलटंही होतं, म्हणजे आधी डोकं चपटं होतं आणि मग त्या खड्ड्यात डोकं आपसूक लोळत राहिल्यानं मान आखडते.

हा आजार काही नवा नाही. सिकंदराची मान किंचित डावीकडं कललेली असायची असं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय, ते नक्की कशामुळं होतं यावर लोक अजून वाद घालतात, ते सोडा. उपचाराचा लेखी इतिहास मात्र सुरीनं सुरू होतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या निकोलस टुल्प या डॉक्टरांनी १६४१ च्या पुस्तकात एका मुलाच्या वाकड्या मानेचा स्नायू कापून सोडवल्याची हकिगत दिलीय. भूल नाही, जंतू म्हणजे काय हे माहीत नाही, अशा काळात लेकराच्या गळ्यावर सुरी! पुढं १७४१ साली पॅरिसच्या निकोला आंद्रीनं ऑर्थोपेडी हा शब्द काढला, त्याचा अर्थच मुळी मुलांना सरळ करणं असा, आणि त्यानं वाकड्या रोपट्याला खांबाला दोरीनं बांधल्याचं चित्र काढून घेतलं, ते आजही जगभरच्या हाडांच्या डॉक्टरांचं बोधचिन्ह आहे. ऊसपट्ट्यातल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. पण खुद्द आखडलेल्या मानेला पुढची शंभर वर्षं आणि जास्तच सुरीच मिळाली, फक्त १८२० च्या दशकात फ्रान्सच्या द्युपुइत्रँनं मोठा छेद न घेता बारीक छिद्रातनं स्नायू कापायला सुरुवात केली.

कारण काय यावरही बराच घोळ होता. १८३८ मध्ये जर्मनीच्या स्ट्रोमायरनं मांडलं की बाळंतपणात ओढाताण होऊन स्नायूत रक्त साकळतं. कित्येक वर्षं सगळे तेच म्हणत राहिले आणि त्याचा दोष सुईणीवर नाहीतर आईवर जायचा. आज चित्र वेगळं आहे. पोटात जागा कमी पडली, बाळ पायाळू होतं, बराच काळ मान एकाच स्थितीत दुमडून राहिली, स्नायूचा रक्तपुरवठा दबला, असं बरंच काही असू शकतं, आणि सिझेरियननं झालेल्या बाळांनाही हे होतं. माझ्या आजेसासूबाई सहज बोलून गेल्या होत्या, "तू ग्रहणात काय चिरलंस का?" त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण ओल्या बाळंतिणीला ते वाक्य महिनाभर पुरतं. म्हणून स्पष्ट लिहिते, आईनं काही केल्यानं हे होत नाही.

सुरीकडनं हाताकडं वळण आलं ते विसाव्या शतकात. डॉक्टरांनी ऑपरेशन न केलेल्या मुलांकडं नीट बघायला सुरुवात केली आणि दिसलं की तान्हेपणीच हळूहळू ताण देऊन स्नायू सैल केला तर बहुतेकांना सुरी लागतच नाही. हाँगकाँगमध्ये ८२१ बाळांचा पाठपुरावा केलेला अभ्यास २००१ मध्ये आला, त्यात हातानं स्ट्रेचिंग केल्यावर फार थोड्यांनाच ऑपरेशन लागलं. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं २०१३ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१८ मध्ये सुधारल्या, आणि त्यातला एक आकडा मला कुणीतरी बारशाच्या दिवशी सांगायला हवा होता. एक महिन्याच्या आत उपचार सुरू झाले तर ९८ टक्के बाळांची मान दीड महिन्यात जवळपास सरळ होते, महिना उलटून गेला की तेच काम सहा महिन्यांवर जातं, आणि सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर नऊ-दहा महिने लागतात आणि तरी सगळ्यांना पूर्ण गुण येतोच असं नाही.

चपट्या डोक्याची गोष्ट मात्र वेगळ्या रस्त्यानं आली. पाश्चात्य देशांत मधली काही दशकं बाळांना पालथं झोपवायची पद्धत होती, मोठमोठे बालरोगतज्ज्ञ तसंच सांगायचे. मग लक्षात आलं की झोपेत अचानक दगावणारी बाळं पालथं झोपवलेल्यांत जास्त असतात. न्यूझीलंड, ब्रिटननं १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ मध्ये उताणं झोपवायला सांगितलं, १९९४ मध्ये तिथं देशभर मोहीम झाली आणि दहाएक वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हजारो जीव वाचले. त्याच्या मागोमाग चपट्या डोक्याची बाळं दवाखान्यात वाढली, १९९६ साली अर्जेंटा या सर्जननं हे दोन धागे जोडून दाखवले. म्हणून कुणी डोकं गोल राहावं म्हणून बाळाला रात्री पालथं झोपवत असेल तर कृपा करून नको. झोप उताणीच, पालथं घालायचं ते जागेपणी, आपण समोर बसून.

आणि इथं आपल्याकडची गोष्ट वेगळी पडते. कोल्हापुरात बाळं आधीपासनं उताणीच झोपायची, पाळण्यात नाहीतर लुगड्याच्या झोळीत. मग त्यांची मान तयार कशी व्हायची? मला वाटतं याचं एक उत्तर न्हाणीतच आहे. बंबाचं कढत पाणी, पाटावर पाय लांब करून बसलेली मावशी, आणि तिच्या नडग्यांवर पालथं घातलेलं बाळ, तेल लावताना ते चिडून डोकं वर उचलतं, डावीकडं टाकतं, उजवीकडं टाकतं. आज फिजिओ ज्याला टमी टाइम म्हणतात ते हेच की! शिवाय दिवसभर चार काखा बदलायच्या, आत्या, काकू, शेजारची पोरं. आता फ्लॅटमध्ये आई आणि बाळ दोघंच, बाळ बाउन्सरमध्ये नाहीतर बेडवर एकाच कुशीला, खिडकी एकाच बाजूला. जुनं सगळं बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. डोकं दाबून गोल करणं चूक, आणि मोहरीच्या उशीचंही तेच. उशीनं श्वास कोंडायचा धोका असतो, डोकं गोल करणाऱ्या उश्या वापरू नका असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये बजावलंय.

चपटं डोकं गोल व्हावं म्हणून बाळाला घालतात त्या हेल्मेटबद्दल सगळे विचारतात. १९७९ मध्ये क्लॅरेन या अमेरिकन डॉक्टरांनी ती पद्धत मांडली, १९९८ मध्ये तिथं अशा पट्ट्याला सरकारी मंजुरी मिळाली. दिवसातले तेवीस तास घालायचं असतं. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर तुलना झाली, २०१४ मध्ये निकाल आला, दोन वर्षांच्या वयात पूर्ण बरं झालेली हेल्मेटवाली २६ टक्के आणि बिनहेल्मेटची २३ टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणा. पण त्यात मान आखडलेली बाळं घेतलीच नव्हती, हे सांगायचं लोक विसरतात. फार वाकडेपणा राहिला तर काही डॉक्टर अजूनही सुचवतात. त्याच देशातल्या २००८ च्या अभ्यासात सात आठवड्यांची, एकाच बाजूला बघणारी ६५ बाळं होती, त्यांत ज्यांना वेळेवर फिजिओथेरपी मिळाली त्यांच्यात सहा महिन्यांच्या वयात गंभीर चपटेपणाचं प्रमाण जवळपास निम्म्यानं कमी निघालं.

आपल्याकडं फिजिओथेरपी आली ती पोलिओमुळं. मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्यानंतर १९५३ मध्ये केईएम हॉस्पिटलात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. म्हणजे आपल्या देशात या शास्त्राचा जन्मच लहान मुलांच्या हातापायांसाठी झालाय. पोलिओ गेला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, पण लोकांच्या डोक्यात फिजिओ म्हणजे गुडघेदुखी आणि खांदा जखडलेली म्हातारी माणसं हेच बसलंय, तान्ह्या बाळाला तिथं न्यायचं कुणाला सुचत नाही. आम्हालाही नाही सुचलं. उलट चुलत सासरे म्हणाले, तालमीतल्या वस्तादाला दाखवू, एका झटक्यात मान सरळ करतो. वस्तादांच्या हाताचा मला आदर आहे, पैलवानाची लचकलेली मान त्यांनी जरूर बघावी, पण तीन महिन्यांच्या मानेला झटका अजिबात द्यायचा नाही, कुणीच नाही.

शेवटी ज्या फिजिओ मॅडम भेटल्या त्यांनी पहिल्या दिवशी मानेला हातच लावला नाही. आधी खुब्याचे सांधे तपासले, कारण अशा काही बाळांत खुबाही सैल निघतो. नजर तपासली, कारण डोळ्यातल्या दोषानंही बाळ मान कलती धरतं. डोकं वरनं बघून कान कुठं आहे ते पाहिलं, कवटीचे सांधे वेळेआधी जुळले असतील तर आकार वेगळा दिसतो आणि ते काम सर्जनचं असतं. मग एक हात उजव्या खांद्यावर, दुसरा डोक्याच्या उजव्या बाजूला, अगदी हळू, डावा कान डाव्या खांद्याकडं. नंतर हनुवटी उजवीकडं. लेक रडली की थांबायचं. बाकी सगळं घरचंच, पाळण्यात उशाशी पाय करून झोपवायचं म्हणजे दाराकडं बघायला उजवीकडं वळावं लागतं, खुळखुळा उजवीकडनं वाजवायचा, दूध पाजताना कूस बदलायची.

आठ महिन्यांची झाली तेव्हा मान दोन्हीकडं सारखी वळायला लागली, डोकं मागनं अजून किंचित चपटं आहे, केसांत दिसत नाही. व्यायाम शिकायला मी मावशींनाही सोबत नेलं होतं. एवढी वर्षं बाळं न्हाऊ घातलेली बाई, पण खाली बसून मॅडमच्या हाताकडं टक लावून बघत होत्या, दोनदा स्वतः करून दाखवलं. मागच्या आठवड्यात मंगळवार पेठेतनं त्यांचा फोन आला, नव्या घरी बारा दिवसांचं पोरगं होतं. "एकाच अंगाला बघतंय गं, गाठ अजून लागत नाही, पण बघतंय एकाच अंगाला. त्या बाईंचा पत्ता पाठव."