अमेरिकेतली उपनगरं आपोआप गोरी झाली नाहीत
‘कृष्णवर्णीयांना घरं परवडत नव्हती, म्हणून अमेरिकेतली उपनगरं गोरी राहिली,’ असं आजही ठामपणे सांगितलं जातं. हे खरं नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी स्वस्त घरं उभी राहिली. तेच युद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र पैसे असूनही ती नाकारली गेली. सुरुवातीच्या करारात अटच होती: गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. घरकामाचे नोकर तेवढे चालतील! आणि हा एकट्या बिल्डरचा हट्ट नव्हता. गृहकर्जांना हमी देणारं सरकारी खातंच अशा अटींची शिफारस करत असे. घरविक्रीतल्या वंशभेदावर देशभर बंदी यायला १९६८ उजाडलं. तोवर या घरांच्या किमती वाढून ती गोऱ्या कुटुंबांची पुंजी झाली होती.